फिरतं घर रस्त्यावर काढताना: दुरुस्ती धरून केलेली तयारीची यादी

मोटरहोम म्हणजे एक गाडी आणि एक घर, एकाच चासीवर बसवलेलं. बहुतेक वेळा इंजिन आणि चासी एका कंपनीची असते, तर मागचं घर दुसऱ्याच कारखान्यात बांधलेलं असतं. म्हणून इंजिनाचा मेकॅनिक गीझरला हात लावत नाही आणि घराचं काम करणारा ब्रेककडे बघत नाही. वाटेत काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच: बिघाड गाडीचा आहे की घराचा? याचं उत्तर तुम्हाला देता आलं, तर योग्य माणूस पहिल्या फोनला सापडतो. नाही देता आलं, तर दोन दिवस या दारातून त्या दारात जातात. माझी सगळी यादी या एका प्रश्नाभोवती बांधलेली आहे.

म्हणून सुरुवात हत्यारांपासून नाही, वहीपासून करा. चासीचं आणि घराचं अशी दोन्ही माहितीपुस्तकं गाडीत हवीत. वहीच्या पहिल्या पानावर चासी नंबर, टायरचा साइज, बॅटऱ्यांचा प्रकार, बेल्ट आणि फिल्टरचे पार्ट नंबर, इंजिन ऑइलचा ग्रेड लिहा. फ्रिज, गीझर, हीटर, पाण्याचा पंप या प्रत्येकावर एक बारीक प्लेट असते आणि ती नेमकी अशा ठिकाणी असते की फोन कानाला लावून वाचता येत नाही. घरी निवांत असताना तिचे फोटो काढून ठेवा. फ्यूजबॉक्स दोन असतात, एक ड्रायव्हरजवळ आणि एक घरात. दोन्हींचे झाकण उघडून फोटो घ्या. आणि गाडीची उंची स्वतः मोजा. छतावर एसी, सोलर पॅनल किंवा अँटेना बसवला असेल तर पुस्तकातला आकडा आता खरा राहिलेला नसतो. मोजलेला आकडा ड्रायव्हरला बसल्या जागी दिसेल असा चिकटवा. कमी उंचीच्या पुलासमोर तो आठवत बसायची वेळ येऊ नये.

याच वहीत रस्त्यावरच्या मदतसेवेचा नंबर असतो, पण नंबर लिहून काम होत नाही. निघण्याआधी फोन करून विचारा: माझ्या गाडीची लांबी, उंची आणि भरलेलं वजन एवढं आहे, ही गाडी तुम्ही उचलून नेता का? पुष्कळ योजनांना वजनाची आणि लांबीची मर्यादा असते आणि ती अटींच्या पानात खोल कुठेतरी असते. गाडी ओढून नेताना आतल्या माणसांचं काय, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

मग वजनकाटा. गाडी प्रवासाला निघेल तशी पूर्ण भरा, पाणी, डिझेल, गॅस, सामान, माणसं सगळं धरून, आणि काट्यावर न्या. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हिशेबात धरलं जात नाही. नुसतं एकूण वजन पाहून परतू नका, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं, म्हणजे चाकांच्या जोडीला धरणाऱ्या आडव्या दांड्यावरचं, वजन वेगवेगळं घ्या. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे लटकणारं ओझं, उदाहरणार्थ सायकलींचा स्टँड, तरफेसारखं काम करतं: मागच्या अ‍ॅक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढची चाकं हलकी करतं. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर, असं सहज होतं.

टायरपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. मोटरहोमचे टायर झिजून कमी आणि म्हातारे होऊन जास्त जातात. गाडी महिनोन्‌महिने उभी असते, नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर आतून कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. हे आकडे प्रत्येक चाकावर वाचा, स्टेपनीवर तर नक्कीच, कारण ती बहुधा सगळ्यात जुनी निघते. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदला. हवा टायर थंड असताना आणि काट्यावर मिळालेल्या वजनाप्रमाणे भरा. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकून तापतो आणि तापून फुटतो. उन्हात भर वेगात फुटलेला मागचा टायर खालची पाइपलाइन आणि चाकावरचा पत्रा सोबत फाडून नेतो. मागे जोडचाकं असतील तर आतलं चाक पंक्चर झालेलं बाहेरून कळत नाही. बाहेरचं चाक दोघांचा भार ओढत राहतं आणि मग दोन्ही जातात. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या, म्हणजे हवा तपासायचा कंटाळा येणार नाही.

स्टेपनी आहे का, ती बाहेर निघते का आणि गाडीचा जॅक भरलेल्या गाडीचं वजन उचलतो का, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही घरच्या अंगणात करून बघा. जॅकखाली ठेवायला जाड फळीचा एक तुकडा घ्या, मऊ जमिनीत गाडीऐवजी जॅकच खाली जातो. चाक बदललं की नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळा आणि साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा तपासा.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण ते चांगल्या गॅरेजमध्ये उरकतं. ऑइल, कूलंट, फिल्टर, बेल्ट, रेडिएटरच्या होज. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे गाडी चालवा न चालवा, साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं; पाणी मुरलेलं ऑइल लांब उतारावर उकळतं आणि पेडल तळाला जातं. उतारावर सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवा. शिवाय बंदुकीसारखा लेझरवाला थर्मामीटर घ्या. प्रत्येक थांब्यावर चारही बाजूंच्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, तापमान बघा. डावं-उजवं जवळपास सारखं असायला हवं. एकच चाक बरंच गरम निघालं तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग खराब होतंय, आणि हे तुम्हाला धूर निघायच्या आधी कळलेलं असतं.

आता घराकडे. घरातल्या बिघाडांची मोठी संख्या विजेची असते आणि त्यातले बरेचसे जोड ढिला झाल्याने किंवा गंजल्याने होतात. गाडी चालते म्हणजे घर तासन्‌तास हादरत असतं. स्क्रू सैल होणारच. मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, घ्या आणि वापरायला शिका, बाकी हत्यारं त्याच्यानंतर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास नुसती पडून असताना १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर अर्धी. अर्ध्याच्या खाली ती वारंवार नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम बॅटरीला हे गणित चालत नाही, तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो. तिला आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मॉनिटरच हवा. आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही.

एकदा संध्याकाळी आमचे घरातले दिवे मिणमिणू लागले, पंप रडत-रडत फिरत होता. बॅटरी गेली असं धरून मी नवीन बॅटरीची चौकशीही सुरू केली होती. मीटर लावला तर बॅटरीच्या तोंडाशी १२.६ आणि पंपापाशी ९. मधले ३.६ व्होल्ट कुठे गेले, ते शोधत वायरवर पुढे-पुढे गेलो. सीटखाली चासीला आवळलेला अर्थिंगचा एक बोल्ट सापडला, त्यावर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड. काढला, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, परत आवळला. दिवे एकदम उजळले. तेव्हापासून पॉलिश पेपरचा तुकडा मीटरच्या पिशवीतच असतो.

फ्यूज प्रत्येक रंगाचे चार-चार ठेवा: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा लावा. तो पुन्हा जळाला तर वायरमध्ये दोष आहे, तो शोधा. मोठा फ्यूज ठोकून काम चालवलं तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती लाकडी भिंतीच्या आत असते.

गॅसच्या बाबतीत माझी मर्यादा मी ठरवून ठेवली आहे: तपासणी माझी, दुरुस्ती परवानाधारकाची. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी कधीही पेटवायची नाही. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती वाचा. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीजवळ लागतो आणि म्हणूनच गाडीच्या तळातली, गॅस बाहेर पडायची जाळी कितीही गार वारा आला तरी बुजवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तोही हवाच, आणि त्यालाही संपण्याची तारीख असते. थंड प्रदेशात जाणार असाल तर सिलिंडरमध्ये काय आहे ते विचारा: ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. बाहेर बर्फ आणि हीटर बंद, अशा रात्री लोक हीटर उघडून बसतात आणि हीटर निर्दोष असतो.

गॅसवर चालणारा फ्रिज गाडी तिरकी उभी असेल तर नीट गार करत नाही, त्यामुळे बिघाड म्हणण्याआधी पातळी तपासा. त्यातून अमोनियाचा झणझणीत वास आला, मागे पिवळी पूड दिसली, तर मात्र त्याची यंत्रणा फुटली आहे. बंद करा, खिडक्या उघडा. रस्त्यावर त्यावर इलाज नाही.

पाण्याचा पंप दाब कमी झाला की आपोआप सुरू होतो. सगळे नळ बंद आणि तरी पंप मध्येच ‘टर्र’ करून थांबत असेल, तर एकतर कुठेतरी गळती आहे किंवा पंपातली, पाणी उलटं जाऊ न देणारी झडप नीट बसत नाही. हा आवाज रात्री ऐकू येतो, दिवसा गडबडीत विरून जातो. एका रात्री तो दर दहा मिनिटांनी येत होता. टॉर्च घेऊन सगळे जोड चाचपले, हाताला काहीच ओलं लागेना. मग प्रत्येक जोडाखाली टिश्यूपेपरची एक-एक घडी ठेवली आणि झोपलो. सकाळी सिंकखालच्या घडीवर रुपयाएवढा ओला डाग होता. क्लिप अर्धा फेरा आवळली, आवाज बंद. हाताला न कळणारं पाणी कागदाला कळतं, आणि तेच पाणी महिनाभर ठिबकलं असतं तर खालची प्लाय कुजली असती. सोबत क्लिपा, वॉशर, टेफ्लॉन टेप, नळीचे दोन-तीन जोड आणि लांबच्या प्रवासात एक जादा पंप ठेवा.

छतावरचे सांधे वर्षातून दोनदा बघा. सिलिकॉन लावू नका; नंतर त्यावर दुसरं कुठलंच सीलंट धरत नाही.

हत्यारं थोडी आणि आपल्या गाडीच्या मापाची असावीत: पान्यांचा सेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला लावायचा दिवा, केबल टाय, इन्सुलेशन टेप आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, जी फुटलेल्या होजवर ताणून गुंडाळली की गॅरेजपर्यंत पोहोचवते. धोक्याची खूण म्हणून रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट मात्र हत्यारांच्या पेटीत नको, दाराजवळ हवं; जाकीट उतरण्याआधी अंगात घालायचं असतं.

आणि एक पिशवी, जी जवळपास कुणी भरत नाही. गाडी गॅरेजमध्ये राहिली की तुमचं घरही आत राहतं. दोन दिवसांचे कपडे, औषधं, कागदपत्रं, चार्जर एका पिशवीत तयार ठेवा, म्हणजे पाच मिनिटांत उतरता येतं. वेळापत्रकातही दर आठवड्याला एक मोकळा दिवस सोडा. पार्ट मागवला की तो त्याच्या वेळेनेच येतो, आणि पुढची बुकिंगं डोक्यावर असली की माणूस अर्धवट दुरुस्तीवर निघतो.

मोठ्या प्रवासाआधी दोन रात्री घराजवळच मुक्काम करा आणि गाडीतली प्रत्येक गोष्ट वापरा, जी लागणार नाही असं वाटतं तीसुद्धा. जे सापडेल ते वहीत लिहा: तारीख, किलोमीटर, काय दिसलं, काय केलं. पुढच्या मेकॅनिकला तुमच्या सांगण्यापेक्षा ते पान उपयोगी पडतं.

निघायच्या सकाळी: गॅस बंद, छताच्या खिडक्या बंद, वीजतार काढून गुंडाळलेली, पायरी आत, कपाटांच्या कड्या लागलेल्या. मग गाडी फक्त तिच्या लांबीइतकी पुढे घ्या, थांबा, खाली उतरा आणि जिथे ती रात्रभर उभी होती ती जमीन बघा. चाकाखाली राहिलेली पाचर, विसरलेला पाइप तिथे दिसेल. ओला डाग असेल तर बोट लावा: रंग-वास नसेल तर पाणी, काळा आणि बुळबुळीत असेल तर ऑइल, रंगीत आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. बोट पुसा, डाग कुठल्या चाकाजवळ होता ते वहीत लिहा, आणि कूलंट किंवा ऑइल असेल तर इंजिन तिथेच बंद करा.