सर्दीला ओव्याची पुरचुंडी

लेकाने वाफ घ्यायचं नवं यंत्र पाठवलंय. ते आधी वायफाय मागतं, मग ओटीपी. तोवर शिंकून शिंकून जीव जातो. ठेवलंय फडताळात.

त्यापेक्षा पुरचुंडी करा. लोखंडी तव्यावर दोन चमचे ओवा मंद आचेवर कोरडाच परता. तडतडून वास सुटला की गॅस बंद. काळा पडला तर नुसता करपट वास येतो. वाटीच्या बुडाने जरा रगडा, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात बांधा. आधी मनगटाला टेकवून चटका बघा, मग छाती-पाठ शेका, मधूनमधून हुंगा. नाकात जातो तो झणका थायमॉलचा, म्हणजे ओव्याच्या तेलातल्या उग्र वासाच्या द्रव्याचा. निवली की पुन्हा तव्यावर. तान्ह्या बाळाला लावू नका. ताप उतरत नसेल तर डॉक्टर गाठा, शक्यतो अ‍ॅपशिवाय नंबर देणारा.