शून्य क्लिकचं पान डिलीट करण्याआधी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या नंबरवर फोन आला. वाशिमकडचे एक शेतकरी होते. "मॅडम, हरभऱ्याच्या घाटेअळीचा तुमचा लेख होता ना, कामगंध सापळे कसे लावायचे ते फोटोसकट दिलं होतं. लिंक आहे आमच्या ग्रुपवर, पण उघडून नाही राहिली."

त्यांच्याकडून लिंक मागवली, उघडून पाहिली आणि पोटात गोळाच आला. ते पान जूनमध्ये मीच डिलीट केलं होतं. एकटं तेच नाही, त्याच्यासोबतची आणखी साडेतीनशे पानंही.

एसईओच्या, म्हणजे पानं गुगलच्या शोधात वर आणण्याच्या, कामात नव्याने येणाऱ्यांना पहिल्या वर्षातच कधीतरी 'जुना कंटेंट साफ करा' असं काम मिळतं. दिसायला सोपं असतं, म्हणून नवख्याकडे देतात. मलाही तसंच मिळालं होतं. शेतीची मराठी वेबसाइट, मूळची एका मासिकाची. छापील अंकातले लेख वर्षानुवर्षं तिथे चढवले जात होते, शिवाय योजनांची माहिती, बाजारभाव, बातम्या. साइटची पानं गुगलच्या शोधात किती दिसतात ते दाखवणारं गुगलचं साधन म्हणजे सर्च कन्सोल. मी ते उघडलं, परफॉर्मन्स रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवला, ज्या पानांना क्लिक नाहीत त्यांची यादी केली आणि यादीतलं सगळं उडवलं. दोन दिवसांत काम संपलं.

चूक कुठे झाली ते समजायला मला सहा महिने लागले. तो रिपोर्ट आपण उघडतो तेव्हा आपोआप फक्त गेल्या ३ महिन्यांचे आकडे दाखवतो. मी जूनमध्ये बसले होते, म्हणजे माझ्यासमोर मार्च ते मे होता. हरभरा पेरतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, घाटेअळीचा त्रास होतो फुलं आणि घाटे लागताना, आणि मार्चपर्यंत पीक निघून गेलेलं असतं. एप्रिलमध्ये घाटेअळी कोण शोधणार? हरभरा, गहू, आंब्याचा मोहर, संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण, अशी हिवाळ्यातली सगळी पानं माझ्या यादीत मेलेली दिसत होती. सर्च कन्सोल १६ महिन्यांचे आकडे साठवून ठेवतं. तेवढे सगळे घ्या. शेतीच नव्हे, परीक्षा, सण, लग्नसराई, आयकर, शाळाप्रवेश, कुठल्याही विषयाला हंगाम असतो, आणि पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय पानाबद्दल काही बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट त्या फोननेच शिकवली. सर्च कन्सोल फक्त गुगलवरून आलेल्यांची नोंद देतं. आमचे अर्धेअधिक वाचक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या लिंकवरून येत होते, आणि साइटवर येणाऱ्या सगळ्यांची मोजदाद करणाऱ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ते बहुतेक 'डायरेक्ट' या खात्यात जमा होतात. मी तिकडे पाहिलंच नव्हतं. कुठल्या कृषी महाविद्यालयाने किंवा दुसऱ्या साइटने आपल्या पानाला लिंक दिलीय, हे सर्च कन्सोलच्याच लिंक्स रिपोर्टमध्ये दिसतं. तेही पाहिलं नव्हतं.

आता या डिलीट करण्याच्या खुळाचं मूळ सांगते, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी ते हमखास काढतं. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने पांडा नावाचा बदल आणला. पोकळ पानं भरून ठेवलेल्या साइट त्यात खाली गेल्या, आणि खराब पानं काढली की बाकीची वर येतात अशी समजूत रुजली. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हेल्पफुल कंटेंट' अपडेट आलं तेव्हा गुगलने स्वतःच म्हटलं, की निरुपयोगी पानं काढल्याने साइटवरच्या इतर पानांना मदत होऊ शकते. मग २०२३ मध्ये सीनेट या मोठ्या अमेरिकन टेक साइटने हजारो जुने लेख काढून टाकल्याची बातमी आली. त्याच सुमारास गुगलच्या वतीने बोलणाऱ्या डॅनी सलिव्हन यांनी जाहीरपणे सांगितलं, की गुगलला जुना कंटेंट आवडत नाही अशा समजुतीतून पानं डिलीट करू नका, तसं काही नसतं. जुनी पानंही उपयोगी असू शकतात.

गुगलच्या या दोन म्हणण्यांत विरोध नाही. जुनं आणि निरुपयोगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या यादीत 'जुनं' मोजायला तारखेचा कॉलम होता, 'निरुपयोगी' मोजायला काहीच नव्हतं. त्यासाठी पान उघडून वाचावं लागतं. एवढंच या लेखात माझं सांगणं आहे. बाकी सगळं त्याचा तपशील.

वाचायला लागल्यावर काय काय निघालं ते सांगते.

२००० च्या दशकातले आमचे कितीतरी लेख युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित पद्धतीत, नव्हतेच. मासिकाच्या डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये तसाच चिकटवलेला होता. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. गुगल वाचतं ते आतलं. त्याच्या दृष्टीने तो लेख म्हणजे अर्थहीन अक्षरांची रास, मग 'हरभरा' शोधणाऱ्याला तो दाखवणार कसा? अशा लेखाला क्लिक नाहीत, यात लेखाचा काय दोष? फॉन्ट कन्व्हर्टरमधून आम्ही ते युनिकोडमध्ये आणले. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडवतो, म्हणून प्रत्येक लेख डोळ्यांखालून घातला. मराठी साइटवर काम करत असाल तर ही तपासणी सगळ्यात आधी करा. आमच्याकडचा उत्तम मजकूर इथेच गाडला गेलेला होता.

पण तो वाचताना आणखी एक गोष्ट हाती लागली. २००९-१० च्या लेखांत कीड नियंत्रणासाठी एन्डोसल्फान फवारा म्हणून लिहिलं होतं. त्या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. लेखातला किडीचा जीवनक्रम, पक्षीथांबे, ५ टक्के निंबोळी अर्क हे सगळं आजही चालतं, फवारणीचा परिच्छेद मात्र चालत नाही. असं पान काढायचं नसतं आणि आहे तसं ठेवायचंही नसतं. आम्ही तो परिच्छेद कृषी पदवीधराकडून नवा लिहून घेतला आणि कोणी, कधी तपासलं ते खाली नोंदवलं. तुम्हाला विषयातलं कळत नसेल तर ज्याला कळतं त्याच्याकडे जा. औषध, पैसा, कायदा आणि फवारणी या चार बाबतींत एसईओवाल्याने मनाने एक शब्दही बदलू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि सगळ्यात घातक पान तर माझ्या यादीत कधी आलंच नसतं, कारण त्याला भरपूर क्लिक होते. 'एक रुपयात पीक विमा'. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला विम्यासाठी फक्त १ रुपया भरावा लागत होता. २०२५ च्या खरिपापासून ते बंद झालं. आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा भरावा लागतो. आमचं पान मात्र त्यानंतरही एक रुपयाच सांगत होतं. क्लिक कमी असलेलं पान तपासायचं आणि जास्त असलेलं सोडायचं, ही रीत उलटी आहे. ज्या पानावर माणसं येतात, तिथली चूक जास्त जणांपर्यंत पोचते. आता आमची तपासणी वरून खाली चालते.

जिल्ह्यांची नावं हा छोटा मुद्दा, पण नवख्यांचा गोंधळ होतो. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं मजकुरात घ्या, जुनं नाव एकदा कुठेतरी राहू द्या कारण लोक तेही शोधतात, आणि तेवढ्यासाठी यूआरएलला, म्हणजे पानाच्या पत्त्याला, हात लावू नका.

सातबाऱ्यावर आमचे सात लेख होते. दरवर्षी कोणीतरी 'ऑनलाइन सातबारा कसा काढावा' नव्याने लिहायचं. सातही एकाच शोधासाठी पुढे यायला बघत आणि एकही नीट वर येत नसे. एकात स्क्रीनशॉट चांगले, एकात डिजिटल सहीच्या उताऱ्याची माहिती, एकात वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं. सगळ्यांतलं घेऊन एक पान केलं. ज्याला बाहेरून सर्वाधिक लिंक होत्या त्याचाच पत्ता ठेवला आणि बाकी सहा त्याच्याकडे ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे 'पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलं' असं सांगून, वळवले. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवावा असं गुगल सांगतं. आम्ही काढतच नाही.

खरोखर काढण्यासारखंही होतंच. २०१४ पासूनची रोजच्या बाजारभावाची पानं, ज्यात चार ओळी आणि शिळे दर. एकेकच लेख असलेली टॅगची पानं. 'उद्या मेळावा आहे' छापाच्या सूचना. जशाच्या तशा उतरवलेल्या प्रेसनोट. दरांची वर्षवार तक्ते असलेली पानं केली, बाकी ४१० म्हणजे 'पान कायमचं काढलं' असा संकेत देऊन काढलं. ४०४ ('पान सापडलं नाही') आणि ४१० यांत व्यवहारात फारसा फरक पडत नाही, त्यावर मीटिंगचा वेळ घालवू नका. जूनमध्ये मी केलेली चूक मात्र करू नका: डिलीट केलेली सगळी पानं होमपेजकडे वळवली होती. गुगल अशा रीडायरेक्टला सॉफ्ट ४०४ समजतं, म्हणजे पान नाहीच असं धरतं, आणि घाटेअळी शोधत आलेला माणूस होमपेजवर येऊन बुचकळ्यात पडतो. वाचकाला उपयोगी पण गुगलमध्ये नको असलेल्या पानासाठी नोइंडेक्स ही खूण आहे. फक्त तेच पान रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे गुगलने कुठली पानं वाचायला येऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवू नका, कारण अडवलं तर गुगलला तो नोइंडेक्स वाचताच येत नाही. आणि क्रॉल बजेट, म्हणजे गुगल एका साइटवर किती पानं वाचायला येतं ती मर्यादा, वाचवायला पानं काढा असं कोणी म्हणालं, तर साइट केवढी आहे ते विचारा. काही हजार पानांच्या साइटला ती काळजी करायचं कारण नाही.

नुसती तारीख बदलून जुना लेख ताजा दाखवायचा मोह पहिल्याच महिन्यात होतो. मजकूर बदलला नसेल तर तारीखही बदलायची नाही. पेरणीचा सल्ला वाचणारा माणूस त्या तारखेवर विश्वास ठेवतो.

घाटेअळीच्या लेखाचं पुढे काय झालं? आमच्या होस्टिंगचा बॅकअप ३० दिवसांचाच होता, त्यामुळे तिथे काहीच उरलं नव्हतं. मजकूर जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर मिळाला, फोटो लेखकाच्या जुन्या मोबाइलमध्ये. आता पान जुन्याच पत्त्यावर चढवायला हवं होतं आणि तो पत्ता कोणाच्याच ध्यानात नव्हता. शीर्षक होतं 'हरभऱ्यावरील घाटेअळीचे एकात्मिक व्यवस्थापन'. पण आमची साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस शीर्षकावरून बनवलेला पत्त्याचा भाग २०० अक्षरांत बसवतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळा धरून, आतमध्ये ९ अक्षरांचं होतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. त्या शेतकऱ्यांनी पाठवलेल्या लिंकमध्ये पत्ता 'हरभऱ्यावरील-घाटेअळीचे-एक' इथेच तुटलेला होता. तोच तसाच टाकला, होमपेजकडचा रीडायरेक्ट काढला आणि त्यांना फोन केला.

"उघडली," ते म्हणाले. "फोटोही दिसून राहिले. ग्रुपवर टाकतो."

बाकीच्या साडेतीनशेंपैकी जी पानं वेबॅकवर सापडली ती एकेक वाचून परत आणायला फेब्रुवारी उजाडला. आता काहीही काढण्याआधी पूर्ण पान आणि त्याचा नेमका पत्ता आमच्या शीटमध्ये जातो. शेजारच्या कॉलममध्ये त्या विषयाचा हंगाम लिहिलेला असतो, आणि पुढची तपासणी हंगामाच्या महिनाभर आधी. हरभऱ्यासमोर सप्टेंबर आहे.