कोल्हापुरातनं बेसबॉलचा पिचर व्हायचंय? आधी चेंडू मोजायला शिका

आपल्याकडं शालेय आणि विद्यापीठाच्या स्पर्धांत बेसबॉल खेळणारी पोरंपोरी आहेत, आणि त्यात ज्याचा हात जरा जोरात चालतो त्याला लगेच पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, करून टाकतात. मग घरी विषय निघतो, ह्यात पुढं काय, प्रोफेशनल होता येतं का? येतं, पण वाट लई लांब आहे आणि ती सगळी एका कोपरावर चालायची असते, म्हणून मी सुरुवात कोपरापासनंच करतो.

बहुतेक पोरं क्रिकेटमधनं येतात. तिथं धावत येऊन सरळ हातानं टाकायचं, इथं एक पाय रबरला, म्हणजे जमिनीत बसवलेल्या आडव्या पट्टीला, टेकवून उभं राहायचं आणि 60 फूट 6 इंचावरच्या प्लेटवर, म्हणजे बॅटरपुढच्या पाटीवर, फेकायचं, त्यात कोपर वाकतं आणि सरळ होतं, आणि चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा हलका. हलका म्हणून पोरं नुसत्या हाताच्या जोरावर झटका मारतात. ती सवय पहिल्यांदा मोडा. जोर मागच्या पायातनं, मग कमरेतनं, मग खांद्यातनं यायला पाहिजे, हात सगळ्यात शेवटी. तालमीत बैठका मारलेल्या पोराला हे पटकन जमतं, कारण पाय आणि कंबर आधीच तयार असते.

ग्रिप शिकताना फोर-सीमपासनं, म्हणजे सरळ वेगवान चेंडूपासनं, सुरू करा. चेंडू असा फिरवा की घोड्याच्या नालेच्या आकाराची शिवण आडवी येईल, त्या शिवणीवर तर्जनी आणि मधल्या बोटाची टोकं, अंगठा बरोबर खाली, आणि तळहात आणि चेंडूच्या मधे थोडी फट राहिली पाहिजे, चेंडू मुठीत घट्ट आवळला की स्पीड गेलाच. हा चेंडू प्लेटच्या दोन्ही बाजूला पाहिजे तसा पडायला लागला की चेंजअप घ्या, तोच हात, हाताचा वेगही तोच, फक्त चेंडू हातात खोल धरायचा, म्हणजे चेंडू हळू जातो आणि बॅटर आधीच बॅट फिरवून बसतो. कर्व्ह आणि स्लायडर हे वळणारे चेंडू त्यानंतर. बारा-तेरा वर्षाच्या पोराला मोबाईलवर बघून कर्व्ह टाकायला लावणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

सराव सपाट जमिनीवरच करत राहिलात तर खऱ्या माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, पाय चुकतो. मैदानवाल्यांची परवानगी काढा, मुरूम आणि लाल माती दाबून 10 इंच उंचीचा माउंड करा, रबरच्या पुढं 6 इंच सपाट ठेवून तिथनं दर फुटाला एक इंच उतार द्या.

आता मोजायचं. अमेरिकेत मेजर लीग (तिथली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी मिळून वयाप्रमाणं मर्यादा ठरवून दिल्यात, 11-12 वर्षाला एका दिवशी जास्तीत जास्त 85 पिच (म्हणजे टाकलेले चेंडू), 13 ते 16 ला 95, 17-18 ला 105. त्याहून महत्त्वाची आहे विश्रांती. 15-16 वर्षाच्या पोरानं 31 ते 45 पिच टाकले तर एक दिवस सुट्टी, 46 ते 60 ला दोन दिवस, 61 ते 75 ला तीन, आणि 76 च्या वर गेलं की चार दिवस पिचिंग बंद. आपल्याकडं अडचण अशी की स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात आणि जिंकायचं म्हणून तोच एक पोरगा रोज उभा केला जातो, एक मॅच पिचर आणि दुसरी मॅच कॅचर (प्लेटमागं चेंडू झेलणारा), म्हणजे हाताला आरामच नाही. सरांना स्पष्ट सांगा, टीममध्ये निदान तीन पिचर तयार करा. बेंचवर एकाच्या हातात वही द्या, प्रत्येक पिचला रेघ ओढायची, आणि आकडा भरला की पोरगा खाली, मग स्कोअर काहीही असू दे.

वर्षात चार महिने तरी मॅचमधलं पिचिंग बंद पाहिजे असंही त्या अमेरिकेतल्या नियमांत आहे, त्यातले सलग दोन-तीन महिने तर खांद्यावरनं फेकणंच नाही. आपल्या पावसाळ्यात मैदानं तशीही चिखलात जातात, तेवढ्यात पाय, पाठ, पोट तयार करा. मात्र त्याच सुट्टीत टेनिस बॉलच्या स्पर्धेत बाउंड्रीवरनं थ्रो मारत बसू नका, हाताला ते फेकणंच वाटतं.

अंग दुखणं आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं ह्यात फरक आहे. दुसरं असेल तर त्याच दिवशी थांबा आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा, चोळून-बिळून परत उभं राहू नका. तिथला लिगामेंट गेला की जे ऑपरेशन करतात ते पहिल्यांदा 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केलं, ऑपरेशनला टॉमी जॉनचंच नाव पडलं, आणि त्यातनं परत मॅचला यायला वर्षाच्या वर जातं. ऑपरेशननं स्पीड वाढतो ही निव्वळ अफवा आहे.

आता पुढची दारं. जिल्हा, विभाग, राज्य, मग आंतरविद्यापीठ आणि राष्ट्रीय, तिथनं भारताचा संघ. दुबईत 2023 ला सुरू झालेल्या बेसबॉल युनायटेड या लीगमध्ये मुंबई कोब्राज नावाची टीम आहे, तिकडं लक्ष ठेवा. अमेरिकेत ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायची पद्धत, तिथं राहणाऱ्या-शिकणाऱ्यांसाठी, बाहेरच्याला क्लब थेट करारावर घेतो. 2008 मध्ये उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, एका स्पर्धेतनं निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या क्लबनं त्यांना करार दिला, पण दोघंही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, कारण मधे रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए एवढ्या पायऱ्या असतात आणि तिथं मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल ताशी 150 किलोमीटरच्या आसपास आहे. खरा स्काऊट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू शोधणारा, खेळाडूकडनं पैसे घेत नाही, त्यामुळं ट्रायलसाठी लाखात रक्कम मागणाऱ्याला घरातनंच परत पाठवा, जमीन विकायची तर गोष्टच नको.

तिकडच्या कॉलेजमध्ये स्कॉलरशिपवर खेळायचा रस्ता मला जास्त बरा वाटतो, डिग्री तरी हातात राहते. त्यासाठी बाजूनं आणि मागनं काढलेला स्वच्छ व्हिडिओ लागतो, रडार गनवरचा स्पीड लागतो आणि नववीपासनंचे मार्क लागतात, त्यामुळं सकाळी मैदान केलंत तरी संध्याकाळचा अभ्यास आणि इंग्रजी सोडू नका.