घरात विचारायला कोणी नसताना विज्ञानाची वाट कशी धरावी

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, एस.टी.मध्ये शेजारी बसलेल्या एका मुलीकडून मला कळले की आयआयटीमध्ये एम.एस्सी. करण्यासाठी ‘जॅम’ नावाची प्रवेशपरीक्षा असते, ती नुकतीच होऊन गेली आहे आणि तिचे अर्ज दिवाळीच्या आधीच भरून झाले आहेत. गुण चांगले होते, अभ्यास झालेला होता, परीक्षेचे शुल्कही कसेबसे जमवता आले असते. फक्त माहिती नव्हती आणि त्यापायी माझे एक वर्ष गेले. आता रसायनशास्त्र शिकवताना हेच पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्या पिढीतला विद्यार्थी मागे पडतो तो तारखांत, कागदपत्रांत आणि ‘विचारू की नको’ या संकोचात. या तिन्ही गोष्टी शिकून घेता येतात, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात एका साध्या वहीने करा. बारा महिन्यांना बारा पाने ठेवा आणि ज्या महिन्यात जो अर्ज निघतो तो त्या पानावर लिहा. बारावीत असाल तर पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर या ७ ठिकाणच्या ‘आयसर’ (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) संस्थांच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमासाठी ‘आयएटी’ ही परीक्षा द्यावी लागते. भुवनेश्वरचे ‘नायसर’ (राष्ट्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि मुंबईतील मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठी ‘नेस्ट’ ही परीक्षा असते. हे हुकले असेल तरी तालुक्याच्या कॉलेजातली बी.एस्सी. म्हणजे संपलेली गोष्ट असे अजिबात मानू नका, कारण पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच ‘जॅम’ देता येते, तिला वयाची अट नाही, आणि तिच्या गुणांवर आयआयटीतील एम.एस्सी.बरोबरच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एकात्मिक पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. तिचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचे असतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा बहुधा डिसेंबरात असते. नक्की तारखा दरवर्षी हलतात, म्हणून वहीत महिना लिहा आणि तारीख मात्र त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या जाहिरातीवर विसंबू नका.

दुसरे काम दाखल्यांचे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर हे सगळे प्रवेशाच्या तोंडावर काढायला गेले की सेतू केंद्रासमोर रांग असते आणि वडिलांची मजुरी बुडते, म्हणून हे काम आधीच्या सुट्टीतच उरकून घ्या. इथे एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट आहे. राज्याच्या प्रवेशासाठी चालणारे नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र केंद्राच्या संस्थांत तसेच्या तसे चालत नाही. आयआयटी, आयसर यांना इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात आणि जाहिरातीत सांगितलेल्या तारखेनंतर, बहुतेक वेळा चालू आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल किंवा त्यानंतर काढलेले लागते. शिवाय राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. ते आधी तपासा. गुण असूनही केवळ चुकीच्या नमुन्यामुळे प्रवेश हातचा गेलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांना काय सांगावे हे मला कधीही सुचलेले नाही.

पैशाची सोय याच कागदांवर उभी असते. राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ या एकाच पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती यांचे अर्ज भरता येतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयं’ या योजना आहेत. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते, तेव्हा अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन एवढी एक खात्री करून घ्या. आपल्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का, हे विद्यार्थी विकास विभागात विचारा आणि असेल तर काम मागताना ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा मागा, कारण तिथे दोन तास काम केले की पुस्तके आणि उपकरणे दोन्ही हाताखालून जातात. शिष्यवृत्ती मागण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले आणि पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी आपले शिक्षण सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दरमहा ६० रुपयांच्या शिष्यवृत्तीवर झाल्याचे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे.

आता अभ्यासाबद्दल, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. विज्ञानात पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याची ओळख मला गुणपत्रिकेपेक्षा त्याच्या जर्नलमध्ये आधी दिसते. आपल्याकडे प्रात्यक्षिकाचे जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरवण्याची पद्धत सर्रास आहे. आम्हीही तेच करत होतो. एकदा आम्ल-अल्कली अनुमापनात मला पहिली दोन रीडिंग ९.८ आणि ९.७ मिलिलिटर मिळाली आणि तिसरे १०.४ आले. मी ते खोडून ९.८ लिहिणार, तोच आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी बुरेट वर उचलून उजेडात धरली आणि विचारले, “तोटीत बुडबुडा होता का बघितलं का?” पाहिले नव्हते. तोटीत अडकलेली हवा मध्येच निघून गेली, तिची जागा द्रावणाने घेतली आणि फ्लास्कमध्ये न पडलेले ते द्रावणही माझ्या रीडिंगमध्ये मोजले गेले. त्या दिवशी मला अनुमापन कळले. म्हणून आलेले रीडिंग आले तसे लिहा, त्याच्यापुढे वेळ आणि शंका लिहा, आणि चुकलेले रीडिंग का चुकले हे शोधल्याशिवाय प्रयोगशाळेतून बाहेर पडू नका. पुढे संशोधनसंस्थेच्या मुलाखतीत “पदवीला केलेला एखादा प्रयोग सांगा” असे हमखास विचारतात, आणि उतरवलेले जर्नल तिथे दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले वर्ष जड जाते ते भाषेमुळे. ‘संयुजा’ पक्की समजलेली असते, पण वर्गात ‘व्हॅलन्सी’ ऐकू आली की तीच गोष्ट परकी वाटू लागते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी संज्ञा आणि खाली आपल्या शब्दांत एक ओळीचा अर्थ लिहायचा. रोज दहा शब्द घेतले तरी एका सत्रात मूळ पुस्तक वाचता येऊ लागते. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, ‘एनपीटीईएल’ या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत, एकच व्याख्यान तीनदा ऐका, तिसऱ्यांदा कान सरावतो. मराठीतून समजलेले काहीही वाया जात नाही, एवढे मनाशी पक्के ठेवा.

दुसऱ्या वर्षापासून सुट्टीतल्या संशोधन प्रकल्पांसाठी अर्ज करा, कारण खरी प्रयोगशाळा आतून पाहिल्याशिवाय हे काम आपल्याला आवडते का, हे ठरवता येत नाही. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत असतात. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम आहे. पुणे जिल्ह्यात असाल तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला जा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण तिथे आहे, आणि ती चालवणारी माणसे त्या दिवसांत विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलतात.

याशिवाय प्राध्यापकांना थेट ईमेल पाठवता येतो, हे मला पदवी संपेपर्यंत ठाऊक नव्हते. “आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे” असा एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर एकही उत्तर येत नाही. त्याऐवजी पाचच जण निवडा, त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध निदान सारांशापुरता वाचा, आणि ईमेलमध्ये चारच गोष्टी लिहा: आपण कोण व कुठे शिकतो, त्यांच्या कामातील कोणती गोष्ट समजली आणि कोणता प्रश्न पडला, आपल्याला हाताने काय करता येते, आणि कोणत्या तारखेपासून किती आठवडे येता येईल. सोबत एक पानाचा परिचय आणि गुणपत्रिका जोडा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आले तर एकदा नम्रपणे आठवण करा आणि मग पुढच्या नावाकडे वळा. उत्तर न येणे हा तुमच्या घराण्यावर किंवा गावावर दिलेला शेरा नसतो.

एम.एस्सी.नंतरचा मोठा टप्पा ‘सीएसआयआर-यूजीसी नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. ती साधारण वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांसाठी होते आणि तिच्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये व नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी ही रक्कम ४२,००० होते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थाही आपापल्या प्रवर्गातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. पीएच.डी. प्रत्येकाने करावी असे माझे मत नाही. तारापूर, कुरकुंभ, महाड, लोटे येथील रासायनिक कारखान्यांच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत चांगले काम करणारा माणूसही विज्ञानातच असतो, आणि घरची गरज निकडीची असेल तर तीन-चार वर्षे तिथे काढून पुन्हा परत येता येते.

घरी बोलणे मात्र टाळू नका. “अजून किती वर्षं?” या आईच्या प्रश्नाला “बघू” असे उत्तर देऊ नका, कागदावर मांडून दाखवा की अठराव्या वर्षी बारावी, एकविसाव्या वर्षी पदवी, तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., आणि त्यानंतर शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे शिकतानाच पगारासारखे पैसे हातात येतात. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर काय करायचे, तेही त्याच कागदावर लिहा. माझ्या वडिलांना ‘संशोधन’ म्हणजे काय ते कळले नव्हते, पण तो कागद त्यांनी घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला होता. एक गोष्ट मात्र मी त्या कागदावर लिहायची विसरले: शिष्यवृत्तीचे पैसे सुरुवातीला वेळेवर येत नाहीत. माझी पहिली रक्कम सात महिन्यांनी जमा झाली आणि तोवर खोलीचे भाडे उधारीवर चालले. तेव्हा रुजू होण्याआधी सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज करा, वसतिगृह मिळत असेल तर तेच घ्या, आणि पहिली थकबाकी हाती आली की घरी पाठवण्याआधी तीन महिन्यांचा खर्च खात्यात बाजूला ठेवा.