गाडीची पुढची काच: टवका कधी भरावा, काच कधी बदलावी

चिरे किंवा खडी भरलेल्या डंपरमागून परशुराम घाट चढत असताना समोर ‘टक्’ असा आवाज होतो आणि काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटतो. आपण हळहळतो, डंपरवाल्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवतो आणि पुढे निघतो. त्या ठिपक्यावर दुरुस्तीने भागेल की संपूर्ण काच बदलावी लागेल, हे मात्र त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत आपण काय करतो यावर बरेचसे अवलंबून असते. आणि कोकणात तर अधिकच, कारण टवक्यात एकदा ओल आणि लाल माती शिरली की पुढे कितीही चांगले रेझिन, म्हणजे टवका भरण्याचा पारदर्शक चिकट द्रव, भरले तरी ती आतच कोंडली जाते.

म्हणून घाटाच्या वळणावर न थांबता, पुढे रुंद जागा मिळाल्यावर गाडी बाजूला घ्यावी, ठिपका कोरड्या सुती फडक्याने हलकेच टिपावा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा; हा तुकडा गाडी चालवणाऱ्याला रस्ता दिसण्यात अडथळा आणत नाही एवढे पाहावे. बोटाने चाचपू नये, कारण बोटाच्या तेलकटपणामुळे रेझिन नीट धरत नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडी धुऊ नये, दरवाजे आपटू नयेत, आणि गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला दुपारभर उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर एसीचा गार झोत थेट काचेवर सोडू नये. तापलेली काच आतून एकदम गार झाली की ठिपक्यातून तडा सरकतो आणि मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा तो थोडा थोडा वाढवत राहतो.

पुढची काच बाजूच्या काचांसारखी नसते. बाजूची काच सहसा टफन्ड असते, म्हणजे फुटली की तिचा एकदम चुरा होतो. पुढची काच लॅमिनेटेड असते: प्रत्येकी सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लास्टिकचा साधारण ०.७६ मिलिमीटर जाडीचा थर. खडा लागतो तेव्हा बहुधा बाहेरचीच काच दुखावते, म्हणून तर ती भरून काढता येते. आतल्या बाजूने नख फिरवून पाहावे. खरखर लागली तर आतली काचही गेली आहे असे समजावे आणि दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा.

टवका दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत असेल, कडेपासून निदान पाच सेंटिमीटर लांब असेल आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर तो भरून घेणे योग्य ठरते. सरळ बारीक तडा पंधरा सेंटिमीटरपर्यंत भरता येतो असे कारागीर सांगतात, पण तो कडेला भिडलेला असल्यास मी तरी त्यावर पैसे घालणार नाही, कारण काचेवरचा सगळा ताण कडेलाच असतो. चालकाच्या नजरेसमोर भरलेला टवका मजबूत झाला तरी तिथे किंचित धूसर खूण उरते, आणि रात्री पावसात समोरच्या गाडीचे दिवे त्या खुणेवर फुटून दिसतात. काशेडीसारख्या घाटात ते धोक्याचे आहे.

भरण्याचे काम कसे चालते हे जवळ उभे राहून पाहण्यासारखे असते, आणि पाहिल्याने चांगला कारागीर ओळखताही येतो. तो आधी सुईसारख्या टोकाने टवक्यातली सुटी काचपूड काढतो आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत थांबतो. मग टवक्याच्या बरोबर डोक्यावर छोटी पिचकारी बसवून, आतली हवा ओढून घेऊन, रेझिनचे थेंब दाबाने आत सोडतो. हवा निघून रेझिन शिरू लागले की चांदणीसारखे पसरलेले पांढरे फाटे एकेक करून विझत जातात आणि काच पुन्हा नितळ दिसू लागते; एखादा फाटा पांढराच राहिला तर तिथे हवा अडकली आहे, आणि दाब-ओढीची क्रिया पुन्हा करायला हवी. शेवटी वर पातळ फिल्म ठेवून अतिनील प्रकाशाचा दिवा लावतात आणि घट्ट झालेले जास्तीचे रेझिन ब्लेडने तासून काढतात. हे रेझिन सूर्यप्रकाशानेही घट्ट होते, म्हणून घरी किट आणून काम करणाऱ्याने गाडी सावलीत लावावी आणि टवका पूर्ण भरल्यावरच ती उन्हात घ्यावी. आषाढात ऊन कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. त्या दिवसांत दिवा असलेल्याकडेच जावे.

काच बदलायची ठरली की सगळे लक्ष काचेच्या किमतीकडे जाते, आणि तिथेच फसगत होते. काचेवर उत्पादकाच्या नावासोबत आयएस २५५३ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे ना, एवढे पाहिले म्हणजे काचेपुरते काम झाले. खरा प्रश्न ती कशी चिकटवली जाते हा आहे. जुन्या जीप आणि ट्रक यांच्या काचा रबरी बीडिंगमध्ये बसत. आजच्या मोटारीत काच पॉलियुरेथेनने, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पीयूने, थेट पत्र्याच्या चौकटीला चिकटवलेली असते. अपघातात गाडी उलटली तर छताला आधार देण्यात तिचा वाटा असतो, आणि पुष्कळ गाड्यांत बाजूच्या प्रवाशापुढची एअरबॅग उघडताना याच काचेवर टेकून फुगते. काच सुटली तर एअरबॅग असून नसल्यासारखी होते.

जुनी काच तारेने किंवा खास सुरीने कापून काढल्यावर चौकटीवर जुन्या पीयूचा एक-दोन मिलिमीटर पक्का थर राखून बाकीचा छाटतात, कारण नव्या पीयूची सर्वांत चांगली पकड या जुन्या थरावरच बसते. सुरीने पत्र्याचा रंग जिथे खरचटला असेल तिथे प्राइमर लावलाच पाहिजे. हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या गाडीची काच एका गॅरेजमध्ये दोन तासांत बदलून मिळाली आणि मी खूशही झालो. पण दुसऱ्या पावसाळ्यात चालकाच्या पायाखालचे कार्पेट ओले लागू लागले. काच पुन्हा काढली तेव्हा खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते, आणि त्या पापुद्र्यांसह पीयूची पट्टी अलगद हातात आली. सुरीचा एक ओरखडा उघडा राहिला होता; उरलेले काम खाऱ्या हवेने केले. गंज दिसला तर तो चकाकता पत्रा लागेपर्यंत घासून, इपॉक्सी प्राइमर आणि रंग लावून, पूर्ण वाळवूनच पुढे जावे, मग त्यासाठी गाडी आणखी एक दिवस गॅरेजमध्ये राहिली तरी चालेल.

नव्या काचेची काळी कड साफ करून तिलाही प्राइमर लावतात आणि पीयूची त्रिकोणी धार चौकटीभोवती कुठेही न तोडता फिरवतात. पीयूवर साय धरण्याआधी काच बसली पाहिजे, म्हणून दोघांनी सक्शन कपांनी ती उचलून एकाच वेळी टेकवावी. सिलिकॉन सीलंटची नळी कोणी बाहेर काढली तर काम तिथेच थांबवावे: काचेचा भार पेलण्याची ताकद त्यात नसते, त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे पीयूही धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुटणारे आम्ल पत्र्याला गंज आणते.

पावसाळ्यात काच बदलू नये, हा समज अर्धाच खरा आहे. पीयू हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतो, त्यामुळे कोकणातली हवा त्याला मानवते. त्याला चालत नाही ते चिकटवण्याच्या जागेवर पडलेले पाणी. तेव्हा काम बंदिस्त छपराखालीच करून घ्यावे, घराच्या अंगणात ताडपत्री धरून नव्हे. गाडी किती वेळाने चालवायची हे पीयूच्या वेष्टनावर लिहिलेले असते आणि ते एका तासापासून काही तासांपर्यंत बदलते; कारागीर सवयीने सांगेल त्यापेक्षा वेष्टनावरचा काळ मानावा. पहिला दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब ताज्या पट्टीवर येणार नाही. आरशामागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप पुन्हा जुळवणे, करून घ्यावे, नाहीतर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा अंतर चुकीचे मोजू शकते.

विम्याचा दावा करायचा असेल तर काम सुरू होण्यापूर्वी फोटो काढून कंपनीला कळवावे. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असल्यास काचेचे काही मिळत नाही. सर्वंकष पॉलिसीत काचेवर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची वजावट, कापत नाहीत, पण रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात. टवका भरण्याचा खर्च किरकोळ असतो, त्यासाठी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, घालवणे परवडत नाही. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना निकामी होतो, तेव्हा ज्या बँकेने तो दिला तिच्याकडे नवा आधीच मागून ठेवावा.

पीयू पूर्ण घट्ट झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, एकाने आत बसून दुसऱ्याने नळीचे पाणी सौम्य धारेने काचेच्या खालच्या कडेपासून हळूहळू वर न्यावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि गळती नेमकी कुठे आहे ते कळत नाही. आत बसलेल्याने डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांशी कोरडा कागद धरावा, आणि मॅटखाली नव्हे, थेट कार्पेटखाली हात घालून पाहावे.