मोजा टाचेत फाटतो, बाकीचा शाबूत राहतो

मोजा फाटतो तो बहुतेक वेळा टाचेत किंवा अंगठ्यापाशी. घोट्याच्या वरचा भाग तेव्हा जवळजवळ नव्यासारखाच असतो. शाळेच्या लांब मोज्यांत हे विशेष जाणवते, कारण शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत टाच पार विरलेली असली तरी पोटरीवरची नळी धडधाकट असते. असा मोजा सबंधच्या सबंध चिंध्यांत टाकणे मला पटत नाही. त्याचा कोणता भाग शिल्लक आहे आणि तो कोणत्या धाग्याचा आहे, हे पाहून मगच त्याला काम नेमून द्यावे.

भोक रुपयाच्या नाण्याहून लहान असेल, तर आधी रफूचा विचार करावा. मोज्याच्या आत लहान वाटी घालून भोकाचा भाग तिच्या पालथ्या बुडावर किंचित ताणून धरावा, भोकाच्या कडेपासून अर्धा सेंटीमीटर दूर, शाबूत विणीतून आधी उभे धागे घालावेत आणि मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून असा नेत जाळी भरून काढावी. शेवटी गाठ मारू नये, कारण ती चालताना टाचेला बोचते. धाग्याचे टोक दोन-चार टाक्यांत दडवले तरी पुरते.

रफूच्या पलीकडे गेलेले मोजे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि मग त्यांचा धागा ओळखावा. धुतलेल्या मोज्यावर पाण्याचा थेंब टाकला की सुती मोजा तो लगेच पितो, नायलॉनच्या मोज्यावर तो काही वेळ रेंगाळतो. खात्री करून घ्यायची असल्यास चार धागे उसवून, चिमट्यात धरून, बेसिनवर पेटवून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि नायलॉन वितळून त्याचा कडक मणी बनतो. बाजारातले बरेचसे ‘सुती’ मोजेही मिश्र धाग्याचे असतात, म्हणून ही परीक्षा टाळू नये.

लांब मोजे भरपूर साठले असतील, तर त्यांचे सर्वांत चांगले रूप म्हणजे पायपुसणे. वरची इलॅस्टिकची पट्टी आणि टाचेपासून खालचा भाग कापून वेगळा करावा, मधली नळी सपाट अंथरावी आणि ती आडवी कापत तीन-तीन सेंटीमीटर रुंदीची कडी काढावीत. कडे दोन्ही हातांनी जरा ताणले की त्याच्या कडा आत वळतात आणि गोल दोरीसारखा आकार येतो. आता एक कडे दुसऱ्या कड्यावर अर्धे बाहेर राहील असे ठेवावे, वरच्याचे टोक खालच्यातून काढून त्याच्याच दुसऱ्या टोकातून ओवावे आणि सावकाश ओढावे; दोन्ही एकमेकांत अडकून लहानशी गाठ बसते. अशी कडी जोडत गेल्यास सुईदोऱ्याशिवाय लांबच लांब दोर तयार होतो. तीन दोरांची वेणी घालावी, ती टेबलावर सपाट ठेवून मधून बाहेर गोल गुंडाळत जावी आणि प्रत्येक फेरा आतल्या फेऱ्याला गोधडीच्या जाड दोऱ्याने टाचत राहावे. येथे घाई नडते. दोरा फार आवळला किंवा बाहेरचा फेरा ताणून बसवला, तर पायपुसणे सपाट न राहता टोपलीसारखे वर वळते. तसे दिसू लागताच शेवटचा फेरा उसवून सैल बसवावा. स्नानगृहाच्या दारात ठेवायचे असेल, तर सुती मोजेच घ्यावेत, कारण नायलॉनचे पायपुसणे ओले पाय पुसत नाही.

मोज्यांचे तुकडे गोधडीत घालण्याचा मोह मात्र आवरावा. गोधडीला साडी-धोतरासारखे न ताणणारे कापड लागते. मोज्याची वीण टाक्यांखाली सरकते आणि गोधडीला चुण्या पडतात.

सफाईसाठी मोजा न कापता हातात घालावा. खिडकीचे गज, ग्रिलची नक्षी आणि पंख्याची पाती मुठीत धरून पुसता येतात, त्यामुळे फडक्याने जी कड सुटते ती सुटत नाही. कोरडी धूळ टिपायला नायलॉनचा मोजा बरा, ओल्या पुसण्याला सुती. पंखा पुसण्यापूर्वी बटण बंद करून पाती पूर्ण थांबू द्यावीत, आणि काम झाल्यावर मोजा हातावरूनच उलटा काढावा, म्हणजे धूळ आतच राहते.

गच्चीवर किंवा बाल्कनीत झाडे असतील, तर दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या वेलींना बांधण्यासाठी सुतळीपेक्षा सरस ठरतात, कारण खोड जाड होईल तशा त्या ताणतात आणि सालीत रुतत नाहीत. पट्टी देवनागरी ४ च्या आकड्यासारखी घ्यावी : खोडाभोवती सैल फास, मध्ये तिढा आणि दोन्ही टोके काठीला. कुंडीच्या तळाच्या छिद्रावर मोज्याचा तुकडा ठेवला तर पाणी निघून जाते आणि माती राहते. या कामाला नायलॉनच हवे, सूत मातीत कुजून जाते.

शेकण्याच्या पुरचुंडीबाबत मी आग्रहाने सांगेन की, धागा शंभर टक्के सुती असल्याखेरीज मोजा वापरू नये. तांदूळ किंवा खडेमीठ तव्यावर कोरडे गरम करून, हाताला सोसेल इतके निवू द्यावे, मग मोज्यात भरून तोंड गाठीने बंद करावे आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना असा शेक देऊ नये. मिश्र धाग्यातले नायलॉन उष्णतेने वितळते, म्हणून गरम भांडी उतरवायलाही असे मोजे घेऊ नयेत. चांदीची भांडी लोकरी मोज्यात किंवा इलॅस्टिकच्या पट्टीत गुंडाळून ठेवल्यास काळी पडतात, कारण लोकरीत आणि रबरात गंधक असते. सुती मोजा चालतो.

कापून उरलेल्या इलॅस्टिकच्या पट्ट्या खुर्चीच्या पायांत चढवलेले मोज्याचे तुकडे घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे खुर्ची सरकवताना फरशी घासत नाही. टाचा आणि बोटांकडचे तुकडे बारीक कापून लहान उशीत किंवा टाचणीच्या गादीत भरावेत. याउपर जे उरेल ते ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात न घालता सुक्या कचऱ्यात द्यावे, कारण मिश्र धाग्यातले नायलॉन कुजत नाही.