एमआयडीसीत एचआरची नोकरी म्हणजे नेमकं काय? जळगाव-धुळ्याकडच्या नव्या पोरापोरींसाठी

दरवर्षी निकाल लागला की कोणी ना कोणी विचारतं, ताई, एमबीए एचआर झालंय, पुण्याला जाऊ का इथंच जळगाव एमआयडीसीत बघू? मी स्वतः अमळनेरहून अप-डाऊन करते, एका प्लास्टिकच्या कारखान्यात आहे, त्याआधी एका डाळ मिलमध्ये होते. त्यामुळे एसी ऑफिसातल्या एचआरबद्दल मला विचारू नका. शेड, मस्टर, ठेकेदार आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्री ऊन, एवढंच मला माहिती आहे.

पहिली गोष्ट, जॉइन झाल्यावर केबिन मागू नका, टाइम ऑफिसला बसा. हजेरी, ओव्हरटाइम, गेटपास, सुट्टीचे अर्ज, सगळं तिथून जातं आणि कंपनी खरी कशी आहे ते तिथंच कळतं. कॉलेजात एडगर शाइनचे कंपनीच्या कल्चरचे तीन थर शिकवतात ना, वर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, मग तोंडाने सांगितलेली मूल्यं, आणि सगळ्यात खाली कोणी बोलत नाही पण सगळे पाळतात त्या समजुती, ते परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं आपण. इथं येऊन बघा. भिंतीवर बोर्ड असतो की कामगार हाच आमचा परिवार, आणि कॅन्टीनला कायम कामगार पंख्याखाली बसतात, ठेकेदाराची माणसं बाहेर ओट्यावर. असं बसा म्हणून कोणी सर्क्युलर काढलेलं नसतं, पण नवीन आलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी बरोबर आपल्या जागी जाऊन बसतं. कल्चर म्हणतात ते हेच.

आता आपल्याकडची खास गोष्ट, जी कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. वर्षाचा आकडा तोंडी ठरतो, त्यातली काही रक्कम उचल म्हणून आधीच घेतली जाते आणि मग वर्षभर तो माणूस त्या मालकाचा. शहाद्याकडे श्रमिक संघटनेने 1970च्या दशकात शेतमजूर-सालदारांसाठी लढा दिला तो याच व्यवस्थेविरुद्ध. आपल्या मशीनवर उभा असलेला ऑपरेटर बऱ्याचदा अशाच घरातला असतो, बाप किंवा आजा सालदार, त्यामुळे त्याच्या डोक्यात नोकरीचं चित्र तेच. अडचण आली की तो लोनचा फॉर्म भरत नाही, शेठच्या गाडीजवळ जाऊन उभा राहतो. शेठही खिशातून दोन हजार काढून देतो, मग पगारात ते कापायचे की नाही हे एचआरला कोणी सांगत नाही आणि महिनाअखेरीला भांडण आपल्या टेबलावर. नव्या एचआरवाल्याला वाटतं हे सगळं अडाणीपणाचं आहे, पॉलिसी आणून बंद करू. तसं नका करू. उचल बंद केली की माणूस खाजगी सावकाराकडे जातो किंवा शेजारच्या कंपनीत. आम्ही काय केलं, उचल चालूच ठेवली फक्त तिला रजिस्टर दिलं, किती घेतली, किती हप्ते, सही किंवा अंगठा. शेठनी दिली तरी चिठ्ठी टाइम ऑफिसलाच यायची. शेठला ते मान्य करायला लावणं हेच खरं अवघड काम होतं, कामगारांचं काही नव्हतं.

सुट्ट्यांचंही तसंच. "मॅडम, आखाजीले घर जानं शे" असं म्हणत निम्मी शिफ्ट एकदम समोर उभी राहते, श्रावणात कानबाईच्या सणाला परत तेच, आणि कापूस वेचणीच्या दिवसात तर अर्ज पण येत नाही, माणूस सरळ गायब. हे दरवर्षी होणारच आहे तर उत्पादनवाल्यांबरोबर बसून आधीच प्लॅन करा, मशीनचं मेंटेनन्स त्या दिवसांत घ्या. कारणे दाखवा नोटिसा काढून कानबाई पुढे ढकलली जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर 29 जुने कामगार कायदे आता 4 संहितांमध्ये आलेत, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेत, त्यामुळे जुन्या नोट्सवर इंटरव्ह्यू देऊ नका. एक उदाहरण, भरपगारी रजेसाठी आधी वर्षात 240 दिवस काम लागायचं, आता 180. ओव्हरटाइम मात्र पूर्वीसारखाच दुप्पट दराने. पण कायदा पाठ असून भागत नाही, समजावून सांगता आला पाहिजे. एक पोरगा आला होता, पगार 14 हजार ठरला आणि हातात 12 हजार 15 कसे, कोणी खाल्ले म्हणून तावातावाने. गेटपासच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलं: पीएफ 12 टक्क्याने 1680, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्क्याने 105, व्यवसाय कर 200, झाले 1985. मग त्याच्याच मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडलं, की कंपनीचे पण 1680 पडलेत, त्यातले 1166 पेन्शनला. तो अर्धा मिनिट नुसता बघत राहिला, मग म्हणाला, हे ठेकेदाराने कधी सांगितलंच नाही. ठेकेदाराकडे तो आधी दोन वर्षं होता. तिथं पीएफ भरलाय का ते त्याच संध्याकाळी आम्ही तपासलं आणि पुढे ते प्रकरण बरंच वाढलं, ते इथं नको.

मुलींसाठी वेगळं सांगते. सुरुवातीला सुपरवायझर लोक तुमच्याशी बोलतच नाहीत, फाईल शिपायाकडून पाठवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, रोज एक राउंड शेडमध्ये माराच. दहा किंवा जास्त माणसं असली की 2013च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, ती फक्त नोटीस बोर्डावर आहे का खरंच बसते हे पहिल्याच आठवड्यात विचारा. बायकांचं टॉयलेट स्वच्छ आहे का हे पण.

पुण्याला जावं की नाही, तर आयटी एचआर करायचं असेल तर जा, इथं ते फार नाही (विप्रोची सुरुवात 1945 साली आमच्या अमळनेरात झाली, पण ती तेल-तुपाची). लेबर, युनियन, कंप्लायन्स शिकायचं असेल तर इथली दोन वर्षं तिकडच्या पाच वर्षांना भारी, हे माझं मत. पगार सुरुवातीला कमीच मिळेल. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा अर्धा तास आधी पोचा, शिफ्ट सुटताना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबा आणि कोणालाही सहज विचारा, इथं पगार किती तारखेला होतो. कायद्याने सातच्या आत व्हायला पाहिजे. समोरचा हसला किंवा "बघा ना, होतो कधीतरी" म्हणाला तर चहा संपवून पुढच्या कंपनीच्या गेटवर जा.